न्यायला येतील तेव्हा

माझा नवरा मला भेटायला येऊ शकत होता. न्यायला येऊ शकत नव्हता. हा फरक आधी सांगितला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं माहेर पांढुर्ण्याला, सासर सौंसरला; मधे बसचा दीड तासाचा रस्ता. सव्वा महिना होतो, बारसं होतं आणि मग एक दिवस सासरचे न्यायला येतात. न्यायला येतात म्हणजे सासू येते, तिच्यासोबत आणखी एक वयस्कर बाई येते, साडी येते, नारळ येतो, लेकराला झबलं-टोपडं येतं. ओटी भरतात. आई डोळ्याला पदर लावते. मग सून आणि लेकरू निघतात. नवरा सोबत असलाच तर पिशव्या धरायला. नवरा नेत नाही, सासर नेतं.

आणि मला सौंसरला जायचं होतं ते सासरी नांदायला नव्हे, कामाला. तिथल्या एका सरकारी कचेरीत, जिथे सगळं कामकाज हिंदीत चाले, मी टायपिस्ट होते. नेमणूक कच्ची होती. दोन वर्षं हजेरी मधे कुठे न तुटता भरली तर नाव कायम होण्यासाठी वर जाईल, असं आमच्या हेडक्लार्कनी, बडेबाबूंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवाळीला माझी दोन वर्षं भरत होती. बाळंतपणाची तीन महिन्यांची रजा मंजूर झाली, ती पोळ्यानंतरच्या सोमवारी संपत होती. त्या सोमवारी मी खुर्चीवर दिसले नाही, किंवा त्यानंतर दिवाळीपर्यंत एकही दिवस गैरहजर राहिले, तर हजेरी तुटली. माझ्या नावावर दुसरी रजा उरलेली नव्हती. मी रजेवर निघताना बडेबाबू म्हणाले होते, "बेटी, नहीं आ पाओगी तो हम समझेंगे. बच्चेवाली औरत की मजबूरी हम समझते हैं." त्यांच्या त्या समजण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मी मोकळी आहे.

तसं वाटायला कारण होतं. आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देवांचं गाठोडं जाम नदीत गेलं, ते माझ्या जन्माच्या आधीच. उपास नाही, पूजा नाही, विटाळ नाही. माझ्या बाळंतपणात सुवेर, म्हणजे बाळंतिणीला वेगळं बसवणं, पाळलं नाही. शेजारच्या बायका पहिल्याच दिवशी लेकराला मांडीवर घेऊन बसल्या, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने सांगत. पण न्यायला येणं नदीत गेलं नव्हतं. ते देवांच्या गाठोड्यात नव्हतंच. ते घरात नेमकं कुठे ठेवलेलं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून उचलून फेकताही आलं नाही.

बाबा दिवसा कारकुनी करत आणि संध्याकाळी पत्रकं काढत. हुंडा घेऊ नका. मुलीला शाळेतून काढू नका. गोटमार बंद करा. त्यांनी कुठून तरी एक जुनं टाइपरायटर मिळवलं होतं. त्याचा ‘ळ’ तुटलेला होता, म्हणून स्टेन्सिलवर प्रत्येक ‘ळ’ लोखंडी लेखणीने हाताने कोरावा लागे. सातवीपासून टाइप करणं आणि ‘ळ’ कोरणं, दोन्ही कामं माझी. शाळा, वेळ, बाळ, काळजी, सगळं माझ्या हातचं. मग एका गुरुजींच्या घरी सायक्लोस्टाइलवर प्रती निघत, आणि बाजाराच्या दिवशी आम्ही त्या वाटत असू. इतर मुली गाण्यांवर वाढल्या असतील, मी त्या वाक्यांवर वाढले. एक वाक्य बाबा दर दोन वर्षांनी पुन्हा छापत: ‘स्त्री ही दोन घरांमधली ठेव नाही. ती स्वतःच्या पायावर उभं असलेलं माणूस आहे.’ पहिल्या वेळी त्यातला ‘नाही’ मी इतका जोराने ठोकला की स्टेन्सिलला भोक पडलं, आणि सगळ्या प्रतींवर त्या जागी शाईचा डाग आला. बाबा म्हणाले, "असू दे. लोकांना समजते."

मुलगी झाली ती उन्हाळ्याच्या शेवटाला. बाहेर अंग भाजत होतं आणि माझ्या खाटेखाली शेगडी. कानाला रुमाल, पोटाला पट्टा, डिंकाचे लाडू, शेपा. हे शास्त्र आहे, धर्म नाही, असं आई म्हणायची, आणि बाबा मान डोलवायचे. टाइपरायटर आईने माळ्यावर टाकलं होतं. "ओल्या अंगानं बोटं आपटशील तं म्हातारपणी हात धरून बसशील," ती म्हणाली. मागच्या खोलीला एक खिडकी होती, ती वाऱ्याच्या भीतीने बंद. मी पडल्या पडल्या बोटांनी चादरीवर टाइप करायची. लेकरू जवळ असलं तर त्याच्या पाठीवर, हलक्या बोटांनी. ते झोपायचं. कचेरीतल्या सगळ्या पत्रांची सुरुवात अशी माझ्या लेकीच्या पाठीवर टाइप झालेली आहे: महोदय, उपरोक्त विषयांतर्गत निवेदन है.

बारशाला सासरचे आले. सासूबाई, सासरे, दोन नातेवाईक, आणि पिशव्या धरून नवरा. जेवणं झाली. नाव ठेवलं. मग दोन्ही घरं समोरासमोर बसली आणि मी मधे लेकरू घेऊन. मला वाटलं, आता निघेल विषय. निघाला.

सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या पोरीले. आम्हाले काही घाई नाही."

आई म्हणाली, "आम्हालेही जड नाही झाली, ईनबाई. लेकीचंच घर हाय."

"तब्येत भरू द्या तिची."

"तुम्ही म्हणाल तेव्हा पाठवू."

"आमचं काय? तुम्ही म्हणाल तेव्हाच नेऊ."

मी म्हणाले, "माझी रजा पोळ्यापर्यंतच आहे."

सगळे हसले. वाईट नाही हसले. लहान मूल मोठ्यांत बोललं की हसतात तसे. सासरे म्हणाले, "नोकरी कुठं पळून जाते काय व? सरकारची हाय ते." मग त्यांनी पान लावलं, विहिणींनी एकमेकींना कुंकू लावलं नाही, कारण आम्ही ते सोडलं होतं, आणि बसची वेळ झाली.

त्यानंतर नवरा दर दुसऱ्या रविवारी येत राहिला. भेटायला. समोरच्या खोलीत खुर्चीवर बसायचा, आई त्याला जावयाचा चहा द्यायची, म्हणजे कपाखाली बशी असलेला. लेकरू त्याच्या हातात द्यायची, तो ते काचेच्या भांड्यासारखं धरायचा आणि पाचच्या बसने परत जायचा. भला माणूस. त्याच्याविरुद्ध मला एकही पत्रक काढता आलं नसतं.

श्रावणातल्या एका रविवारी मी आई चुलीपाशी गेलेली पाहून त्याला विचारलं, "आत्याबाई कधी येणार न्यायला?"

"येईल न. घरी बोलणं चालू हाय."

"काय बोलणं चालू आहे?"

त्याने कपात पाहिलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, तो बाई म्हणायचा. "बाई म्हणते, आताच आणाले गेलो तं गल्लीतले म्हणतील, सुनेच्या पगारासाठी ओली बाळंतीण ओढून आणली."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? मले तं रोज वाटते तू यावं."

"मग आजच चला. ही बॅग आहे, ही मी आहे. पाचची बस."

तो खरोखर हसला. "माह्यासंग? पळवून आणली म्हणतील!"

आमचं लग्न दोनशे माणसांसमोर झालं होतं. मांडीवर आमची मुलगी होती.

मग मी बाबांकडे गेले. म्हटलं, "बाबा, तुम्ही एक कार्ड टाका. मुलीला सोमवारी रुजू व्हायचं आहे, घेऊन जावं. एवढंच."

बाबांनी चष्मा काढला. "बापानं ‘घेऊन जा’ लिहायचं?"

"का नाही लिहायचं?"

"इवाई काय समजेल, तुहा सासरा? लेक जड झाली म्हणेल. बापाच्या घरी दोन घास जड झाले. त्यांनी मागितलं तं एका पायावर पाठवतो मी. पण आपण होऊन कसं म्हणावं?"

"ते मागणार नाहीत. मागितलं तर पगारासाठी मागितलं म्हणतील याची त्यांना भीती आहे."

"पाहा," बाबा म्हणाले, "सज्जन लोकं हायत."

मी म्हटलं, "तुमचं पत्रक म्हणून दाखवू?"

"दाखव."

पाठच होतं. मी उभ्याने म्हटलं, ठेव नाही इथपासून स्वतःच्या पायावर इथपर्यंत. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना आपलं लिहिणं आवडायचं. शेवटी म्हणाले, "बरोबरच हाय ते. शब्द बदलावा असा नाही. पण ते समाजासाठी हाय, बाई. हे इवायाचं घर हाय."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. लबाड बापाशी भांडता येतं. माझे बाबा दोन्ही बाजूंनी प्रामाणिक होते. तिकडे सासरचेही प्रामाणिक होते. एका घरी लेक जड झाली असं दिसू नये म्हणून मला जा म्हणत नव्हते, दुसऱ्या घरी सुनेचा पगार हवा आहे असं दिसू नये म्हणून ये म्हणत नव्हते. नोकरी सोड असं मला कोणी म्हणालंच नाही. कोणी म्हणालं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे गठ्ठ्याने होती. ही सगळी माणसं माझ्याशी चांगलं वागत होती आणि त्या चांगुलपणाला दार नव्हतं.

मग मी स्वतःच कार्ड लिहिलं, सासऱ्यांच्या नावे. ‘सोमवारी रुजू व्हायचे आहे. रविवारच्या आत न्यायला यावे. इकडे कोणाला वाईट वाटणार नाही.’ आई मला अजून उंबरा ओलांडून पेटीपर्यंतही जाऊ देत नव्हती, म्हणून शेजारच्या मावशीला टाकायला दिलं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. कार्ड उघडं असतं. त्यांनी ते पेटीत न टाकता आईच्या हातात आणून दिलं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी एक घर मोडता मोडता वाचवलं होतं.

आईने मला रागावलं नाही. कार्ड तिने तांदळाच्या डब्याखाली ठेवलं, त्या दिवशी माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली आणि ताट वाढून झाल्यावर विचारलं, "काय कमी पडलं व तुले इथं?"

मी जेवले.

पोळा आला. तान्हा पोळा झाला, लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार. नदीच्या मधे झेंडा, इकडून पांढुर्णेवाले, तिकडून सावरगाववाले, आणि दिवसभर दगड. म्हणे इकडच्या पोराने तिकडची पोरगी आणली, ती दोघं नदीत असताना दोन्ही काठांवरून दगड आले. बाबांचं पत्रक दरवर्षी याच सुमाराला निघायचं. त्या वर्षी माझ्याऐवजी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून स्टेन्सिल कापून घेतलं आणि ‘ळ’ वाकडेतिकडे आले. मी मागच्या खोलीतून तो आरडाओरडा ऐकत होते आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं की त्या गोष्टीत त्या पोरीला काय पाहिजे होतं हे मी कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. बाबांच्या पत्रकातही नव्हतं.

शनिवारी कोणी आलं नाही. रविवारी नवरा आला, भेटायला, हातात खुळखुळा घेऊन.

मी बॅग भरून दाराशी ठेवली होती. लेकरू दुपट्यात गुंडाळून कडेवर घेतलं. "मी पाचच्या बसने यांच्यासोबत जाते," मी म्हणाले.

आई दारात आली. "एकटी?"

"नवऱ्यासोबत."

"नवऱ्यासोबत म्हंजे एकटीच न व! ओटी नाही, बाईमाणूस नाही, तीन महिन्याचं लेकरू. तिकडं दारात उभी राहशील तं तुह्या सासूनं काय करावं? घरात घ्यावं का बाहेर ठेवावं?"

नवरा खुळखुळा धरून उभा होता. तो म्हणाला, "बाई घाबरून जाईल." त्याने ते इतकं मनापासून म्हटलं की मला त्याला ढकलून बाहेर जाता येईना.

तेव्हा बाबा बोलले. "थांबा. तिले कचेरीत जायचं हाय न? तं जाऊ द्या कचेरीत. सकाळच्या बसनं इथून जाईल, संध्याकाळी परत येईल. सासरी जाण्याचा विषयच नाही. ते जेव्हा न्यायला येतील तेव्हा येतील."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, ते कबूल करते. पहिला एक क्षण मला तो न्याय वाटला.

म्हणजे काय झालं ते सांगते. सोमवारपासून मी रोज सकाळी पांढुर्ण्याहून बसने सौंसरला जाऊ लागले. बस जिथे थांबायची तिथून कचेरी डाव्या हाताला. उजव्या हाताला गल्ली, आणि गल्लीत दहा मिनिटांवर माझं घर. माझी खाट, माझ्या साड्यांची पेटी, माझा नवरा. तिथे मला जाता येत नव्हतं. मी अजून आणली गेलेली नव्हते. संध्याकाळी कचेरी सुटली की पुन्हा दीड तास बसमध्ये, उलट्या दिशेने.

पहिले दोन दिवस लेकरू आईजवळ ठेवलं. गाईच्या दुधात पाणी घालून चमच्याने पाजायचं ठरलं. मुलीने चमचा तोंडात घेतला नाही. इकडे मला अकरा वाजता पान्हा फुटायचा. पोलक्याच्या आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवल्या होत्या, त्या बारापर्यंत भिजायच्या. मी पदर घट्ट ओढून, मशीनवर ओणवी होऊन टाइप करायची. बडेबाबू दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाले, "तकलीफ हो तो घर चली जाओ बेटी. हम लिख देंगे." मी विचारलं, हजेरीत काय लिहाल? ते म्हणाले, "अनुपस्थित ही लिखना पड़ेगा ना." मी टाइप करत राहिले.

तिसऱ्या दिवसापासून आई माझ्यासोबत येऊ लागली. कचेरीसमोर एक बंद पडलेलं दुकान होतं, त्याचा दगडी ओटा. आई लेकराला घेऊन तिथे बसायची. वर पत्र्याची पडवी, अंगावर छत्री. मी अकराला आणि दोनला रस्ता ओलांडून जायची, भिंतीकडे तोंड करून पाजायची आणि परत यायची.

सौंसरमध्ये बातमी चालत जात नाही, आधीच पोचलेली असते. पहिल्याच दुपारी सासूबाई आल्या. हातात चहाची किटली, फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ओट्यावर विहिणीशेजारी बसल्या, नात मांडीवर घेतली, तिचं नाक दाबून सरळ केलं. मी रस्ता ओलांडत होते तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"थंडी हाय इथं, ईनबाई."

"आम्हाले सवय हाय. आमचं घर नदीकडचं."

"घरी चला म्हटलं असतं..."

"नाही नाही. असं कसं?"

"तेच न. असं कसं? सडकेवरून सून उचलून आणली म्हणतील."

"आम्हालेही तोंड राहणार नाही."

दोघींनी चहा घेतला. त्यानंतर सासूबाई रोज आल्या. कधी भाकरी, कधी कोथिंबीर भरलेली सांभारवडी. ज्या घरात त्या मला नेत नव्हत्या त्या घरचं त्या मला रोज ओट्यावर आणून खायला घालत होत्या. मला त्यांचा राग यायचा आणि भूक लागलेली असायची.

दहा-बारा दिवस गेले. पावसाची झड लागली. मुलीला खोकला झाला. रात्री बसने घरी आलं की आई कंबर धरून पडायची, आणि सकाळी पुन्हा छत्री घेऊन तयार. एका दुपारी मी पाजून उठले. मुलगी खोकून खोकून लाल झालेली. दोघी विहिणी तिची पाठ चोळत होत्या, एकीचा हात वरून, एकीचा खालून. आणि तरी ‘घरी चल’ असं दोघींपैकी एकही म्हणत नव्हती.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाले, "आत्याबाई, रविवारी या न्यायला."

दोघींचे हात थांबले.

"तू काहून सांगून राहिली?" सासूबाई म्हणाल्या. "तुलेच न्यायचं, अन् तूच सांगते?"

"हो. इकडचे सांगणार नाहीत, तिकडचे विचारणार नाहीत. मग मीच सांगते. रविवारी मला सुटी असते. रविवारी या."

आईने पदर तोंडाला लावला. रस्त्याने जाणारा एक माणूस सायकल हळू करून पाहत गेला. सासूबाई किटली उचलून निघाल्या, पण जाताना त्यांनी मुलीच्या छातीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ओव्याची पुरचुंडी ठेवजा."

मला वाटलं, जिंकले.

त्या रविवारी मी न्हाऊन, मुलीला तीट लावून बसले. कोणी आलं नाही. सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा बाबा कार्ड हातात घेऊन ओसरीत उभे होते. सासऱ्यांचं अक्षर. ‘मंगळवारी सकाळी सुनबाईस व बाळास घेण्यास येतो.’

"मंगळवारी?" मी म्हणाले. "रविवार सांगितला होता."

बाबा म्हणाले, "तू सांगितला होता म्हणूनच. सुनेनं दिलेल्या दिवशी कसे येतील ते? त्यांचाही मान हाय. एक दिवस गेला तं काय होते? उद्या नको जाऊ."

मला न्यायचं तर मी माहेरी बसलेली असायला हवी होते. माहेरी बसले तर हजेरी तुटत होती. ज्या कामासाठी मला सौंसरला पोचायचं होतं, ते काम सोडल्याशिवाय मला सौंसरला कोणी नेणार नव्हतं.

आई म्हणाली, "जीव जाते काय व एका दिवसानं? ते चार माणसं घेऊन येतील. ओटी कोणाची भरतील?"

मी रात्रभर काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही. बहुतेक मुलीचा खोकला ऐकत होते. सकाळी उठून मी साडी नेसले, पोलक्यात घड्या ठेवल्या, मुलीला पोटभर पाजलं, बॅग भरून दाराशी ठेवली आणि बसला निघाले. आई दारात आली नाही.

बाबा मागून छत्री घेऊन आले. स्टँडपर्यंत ती माझ्यावर धरून चालले. बस लागली तेव्हा म्हणाले, "मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, कामावर गेली."

त्यांनी मान हलवली. इतकी पत्रकं लिहिलेला माणूस, त्याला ते दोन शब्द तोंडात बसवून पाहावे लागत होते. बस निघाली तरी ते तिथेच होते.

त्या दिवशी घरी काय झालं ते मला आईने नंतर सांगितलं. सासूबाई आल्या, त्यांची जाऊ आली, सासरे आले. बसले. पाणी झालं. सासूबाईंनी विचारलं, सून कुठे? आई स्वयंपाकघरातच राहिली. बाबा म्हणाले, कामावर गेली. आई म्हणते, हळू म्हणाले. पण म्हणाले, आणि पुढे काही जोडलं नाही. मग सासऱ्यांनी विचारलं, "आता?" आलेले रिकाम्या हाताने परत गेले तर दोन्ही घरांची शोभा. म्हणून त्यांनी नेलं. ओटीची साडी आणि नारळ माझ्या बॅगेवर ठेवले. लेकराला नवं टोपडं घातलं. आईने डोळ्याला पदर लावला. सगळं रीतीने झालं. फक्त मी नव्हते, आणि माझ्यावाचून काही अडलं नाही.

मी तेव्हा तिथून दीड तासावर एका धरणाच्या दुरुस्तीचं पत्र चार प्रतींत टाइप करत होते.

कचेरी सुटली. मी रस्त्यावर आले आणि, मुलीला नेलंच असणार असं धरून, पहिल्यांदाच उजवीकडे वळले. ओटा रिकामा होता. दहा मिनिटं चालले. मला न्यायला तीन माणसं पांढुर्ण्यापर्यंत जाऊन आली होती आणि मी माझ्या घरी एकटी पायी जात होते. दारात कोणी भाकरतुकडा घेऊन उभं नव्हतं. तो दुपारीच मुलीवरून ओवाळून झाला होता. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला आणि माझा पान्हा दारातच फुटला.

समोरच्या खोलीत गल्लीतल्या बाया लेकरू पाहायला जमल्या होत्या. नवरा कोपऱ्यात उभा राहून हसत होता, खरोखर आनंदाने. एकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही आली वाटते आताच? अन् लेकरू दिवसभर कोनाजवळ व?"

सासूबाईंनी मुलगी माझ्या हातात दिली. "पाज आधी तिले," त्या म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मुलगी इतक्या जोरात ओढत होती की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या पाठीवर माझी बोटं आपोआप चालू लागली.

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "पिऊन झालं का तिचं? कणीक भिजवून ठेवली हाय. माणसं जेवाची हायत. अन् उद्या किती वाजता जायचं असते तुले?"

"दहाला," मी म्हणाले.

"मंग पाचले उठशील," त्या म्हणाल्या.